आत कोणी नाही

१० नोव्हेंबर, रविवार
बोईसरजवळ सालवडला खोली मिळाली. खिडकीतून कारखान्यांची धुराडी दिसतात आणि मध्येच दोन ताड. घरमालकिणीने न मागता पाटीभर चिकू आणून दिले.

सकाळी जुनी इंजिनं जपणाऱ्या एका संस्थेच्या शेडवर गेलो. बंद पडलेल्या कागद गिरणीच्या आवारात वाफेचं एक छोटं इंजिन उभं आहे. पूर्वी गिरणीचे डबे ओढायचं. ही मंडळी दर रविवारी येऊन पदरमोड करून ते दुरुस्त करतात. त्याला सगळे माई म्हणतात. आधीचे सचिव बडोद्याला मुलाकडे गेले, म्हणून पत्रं आणि परवानग्या पाहायला कोणी तरी हवं होतं. सोलापूरला शाळेत विज्ञान शिकवायचो, एवढं सांगणं पुरलं.

शांताराम मेहेर जवळच्या मुरबे गावचे, निवृत्त फिटर. माझं पोट पाहून म्हणाले, माईच्या भट्टीचं दार लहान हाय, सर, तुमाला ती गिळायची नाय. भावनाताई राऊत इथल्याच माहीम गावच्या. त्यांनी वाडीतली केळी आणली होती. त्या म्हणाल्या, शांतारामदादांचं मनावर घेऊ नका, त्यांना बायकोही गिळत नाही.

पुष्कळ हसलो. बऱ्याच दिवसांनी.

१७ नोव्हेंबर, रविवार
इथला एक नेम आज कळला. भट्टीत कोणी शिरला की बाहेरचा अधूनमधून पत्र्यावर हातोडी वाजवतो. आतल्याने आपल्या ठोक्याने उत्तर द्यायचं. प्रत्येकाचा ठोका वेगळा, त्यावरून आत कोण ते कळतं. जाळ घालण्याआधीही असंच वाजवतात. उत्तर आलं नाही तर सचिवाने मोठ्याने म्हणायचं, आत कोणी नाही. मगच काडी.

आज मंगळ्या आत होता, राख खरवडत. किरकोळ अंगाचा, डोंगरपट्टीतून येतो. बाहेर आल्यावर म्हणाला, आत बसलं का आईच्या पदराखाली बसल्यावानी वाटतं.

मला माझा ठोका विचारला. हात आपोआप गेला. एक सावकाश, दोन घाईचे. शांताराम म्हणाले, पाठ झाला.

तो माझा नाही. विनोद घराचं दार तसं वाजवायचा.

२४ नोव्हेंबर, रविवार
भावनाताईंनी विचारलं, सोलापूर सोडून इथे का? सांगितलं. मुलगा, विनोद, इथे एका कंपनीत होता. टाकी साफ करायला उतरला. वरच्याने न बघता म्हटलं, आत कोणी नाही, आणि झाकण लावलं. माझी खोली त्याचीच आहे.

त्याने आतून वाजवलं असणार, असंही मी म्हणालो. हे आजवर कोणाला म्हटलं नव्हतं.

त्यांनी एक केळं सोललं आणि माझ्या हातात दिलं.

१ डिसेंबर, रविवार
भट्टीच्या आतल्या कमानीच्या विटा बसवून झाल्या. शांताराम हातोडीने पत्रा तपासत होते. जेवायची वेळ झाली तेव्हा ते भट्टीच्या दारात वाकून म्हणाले, सर, या आता बाहेर, भाकऱ्या थंड झाल्या.

मी त्यांच्या मागे उभा होतो. हातात डबा होता.

त्यांनी वळून पाहिलं. मग म्हणाले, तुमी हितं? मग आत कोन वाजवतंय?

मंगळ्याने आत डोकावून पाहिलं. कमान आणि विटा. तेवढ्यात पुन्हा ठोका आला. एक सावकाश, दोन घाईचे.

मी म्हणालो, बॉयलरमधले क्षाराचे पोपडे सुटतात, आवाज होतो. हा ठोका आला तर लक्ष देऊ नका. विज्ञानाचा मास्तर सांगतोय म्हटल्यावर त्यांनी ऐकलं.

मी हे का सांगितलं? त्यांनी घाबरून काम सोडू नये म्हणून. की तो आवाज माझा एकट्याचा राहावा म्हणून.

५ डिसेंबर
दुपारी एकटाच गेलो. वाजवलं. उत्तर आलं.

विचारलं, विनोद? उत्तर आलं. दुखतं का? उत्तर आलं. सगळ्याला एकच उत्तर. त्याला दुसरं काही येत नसावं.

८ डिसेंबर, रविवार
आवार विकलं गेलं. गुरुवारी बॉयलर निरीक्षक येणार. त्या दिवशी वाफ धरली तर माईला हलवायला मुदत मिळेल. नाही तर भंगार. शांताराम तिच्या चाकाला टेकून बसले होते. म्हणाले, चार वर्सं पोटच्या पोरीवानी केली हिला.

गुरुवारी जाळ घालायचा. ते वाक्य मला म्हणायचं आहे.

आज ठोके थांबत नव्हते. बाकीचे आपापलं काम करत होते. मी सांगितलं होतं ना.

११ डिसेंबर
पाणी भरलं. भावनाताईंनी माझ्या मनातलं ओळखलं असावं. म्हणाल्या, सर, तुम्ही उद्या बोईसर स्टेशनवर निरीक्षकांना घ्यायला जा. वाक्य मी म्हणेन.

हो म्हणालो. सुटलो असं वाटलं. लाज वाटली—

न बघता कोणी ते म्हणायचं नाही. निदान एकाने तरी आत जाऊन—

१२ डिसेंबर
स्टेशनवर गेलो नाही. कोणी यायच्या आत भट्टीत शिरलो. अंग सोलवटलं. बघून लगेच बाहेर येणार होतो.

कमानीमागे अंधार. पुढच्या कोपऱ्यात दोघांपुरती जागा. एकाची भरलेली आहे.

पाहिलं नाही. खांदा लागतो. ओला आहे. टाकीचा वास—

मंडळी आली. दारातून उजेड येतो, तेवढ्यात लिहितो. मंगळ्या चिंध्या डिझेलमध्ये भिजवतोय. शांताराम विचारतायत, सर निघालं का? भावनाताई म्हणाल्या, केव्हाच.

हातोडी वाजली.

माझ्या शेजारून उत्तर गेलं. एक सावकाश, दोन—

बाहेर हातोडी थांबली. मग शांताराम. पोपडं हायत. सर सांगून गेलंत.

भावनाताईंचा आवाज कापतोय. आत—

अजून ओरडता येईल. ओरडलो तर काढतील. मला एकट्यालाच काढतील. आणि हा पुन्हा एकटा—

पेटती चिंधी आत आली. उजेड. त्याने माझा हात—