किल्ली माझ्याकडे आहे

१ मे, सोमवार. सकाळी ६.३०
आजपासून घरखर्च माझ्या हातात. बावीस वर्षं बायकोनं तो अंदाजपंचे चालवला. घरात साखर किती आहे विचारलं तर म्हणते, असेल की. असेल की! मी कारखान्यात स्टोअरकीपर आहे. माझ्या ताब्यात अठरा हजार वस्तू आहेत आणि त्यात एकही ‘असेल की’ नाही.

निमित्त शिलाई मशीनच्या मोटरचं. बायको घरी शिवणकाम करते, मशीन पायाचं. गुडघा धरतो म्हणते. गणवेशवाल्या दुकानदारानं साठ गणवेशांचं काम देऊ केलंय, पण मोटर असली तरच ते वेळेत होणार. त्याला हो-नाही २८ तारखेपर्यंत हवंय. मोटर चार हजार आठशेला. मी म्हटलं, पैसे घरातच आहेत, नुसते गळतायत. महिनाभर कारभार माझ्याकडे दे, तेवढे वाचवून दाखवतो. म्हणाली, आणि नाही वाचले तर? तर माझं एटीएम कार्ड कायमचं तुझ्याकडे, मी म्हटलं. तिनं लगेच लेकीकडून तसं कागदावर लिहून घेतलं. मी पेननं सही केली. जिंकणारा माणूस पेन्सिल वापरत नाही.

२ मे, मंगळवार
कपाटाचं कुलूप २४०. रजिस्टर ९०. इश्यू स्लिपची दोन बुकं १५०. हा भांडवली खर्च, तो धरायचा नसतो.

मेहुणा आला होता. बायकोचा धाकटा भाऊ. विजेची कामं करतो, शंभर कमावतो, सव्वाशे उडवतो. म्हणाला, भावजी, दुसराच दिवस आणि चारशे ऐंशी गेले की! अडाणी माणसाशी काय बोलायचं. अर्धा कप चहा देऊन वाटेला लावला.

नियम: साबण, तेल, साखर, टूथपेस्ट, सगळं कपाटात. किल्ली माझ्याकडे. ज्याला जे हवं त्यानं स्लिप भरायची. वस्तू, नग, कारण, सही. इश्यूची वेळ सकाळी सहा ते सात, संध्याकाळी सात ते आठ.

५ मे, शुक्रवार
स्टोअरचा पहिला कायदा घरात लागू केला. आधी आलेला माल आधी संपवायचा. काल ताजा ब्रेड आला तेव्हा परवाचा शिल्लक होता, म्हणून परवाचा खाल्ला. आज ताजा आला, कालचा खाल्ला. किती सोपं आहे! बावीस वर्षं कुणाला सुचलं नाही.

लेक म्हणाली, बाबा, म्हणजे आपण रोज ताजा आणायचा आणि रोज शिळा खायचा? मध्ये एक दिवस आणलाच नाही तर? मी समजावलं, मग स्टॉक शून्यावर येईल. ती आईकडे बघून हसली. अकरावीला सायन्स घेतलंय म्हणे. फी वाया.

९ मे, मंगळवार
धुण्याची पावडर घाऊक आणली. पंचवीस किलोचं पोतं. किलोमागे अकरा वाचले, म्हणजे दोनशे पंचाहत्तर. टेम्पोला एकशे ऐंशी गेले. तरी पंचाण्णव निव्वळ फायदा. वरच्या मजल्यावरची बाई दर आठवड्याला छोटं पाकीट घेते. लोक पैसे जाळतात आणि वर महागाईच्या नावानं रडतात.

घरात कोरडी जागा एकच, शिलाई मशीनखाली. बायको म्हणते, पायडल पूर्ण दाबलं जात नाही. म्हटलं, अर्धंच दाब, गुडघ्यालाही आराम. माणसाला उपाय सांगितलेला आवडत नाही.

१३ मे, शनिवार
वीजबचत सुरू केली. झोपताना फ्रीज बंद, उठल्यावर चालू. दूध सलग तिसऱ्या दिवशी नासलं. दूधवाल्याला झापला. तो म्हणाला, साहेब, बाकी गल्लीचं दूध का नासत नाही? त्याला म्हटलं, बाकी गल्ली हिशेब ठेवत नाही. उद्यापासून येणार नाही म्हणाला. एक खर्च कमी झाला.

१५ मे, सोमवार. रात्री ८.०५
अर्धा महिना झाला. रजिस्टरप्रमाणे बचत दोन हजार एकशे दहा. पाकिटात रोख एकशे पासष्ट. फरक तांत्रिक आहे.

लेकीनं टूथपेस्टची स्लिप भरली. ‘कारण’ या रकान्यात लिहिलं होतं, ‘दात’. तपशील अपुरा म्हणून परत केली. दुसरी आणून दिली: ‘वरचे आणि खालचे’. उद्धटपणा आहे, पण फॉर्म नीट भरलेला होता. मंजूर.

१८ मे, गुरुवार
अचानक तपासणी. अंगाचे दोन साबण कमी. बायकोला विचारलं, मी कशाला घेऊ म्हणाली. लेकीला विचारलं, तिनं आपलं अख्खं स्लिपबुक तोंडासमोर धरलं. शेवटी साबण माझ्याच कामाच्या पिशवीत सापडले. मी विनास्लिप घेतले होते. रजिस्टरमध्ये ‘मागील कारभारातील तूट’ म्हणून नोंद केली. स्वयंपाकघरात दोघी कितीतरी वेळ हसत होत्या. दुसऱ्यांच्या घरात बायका मान देतात.

२१ मे, रविवार
पोट बिघडलं. डॉक्टर पाचशे, औषधं चारशे वीस. डॉक्टरनं विचारलं, काय खाल्लंत? म्हटलं, परवाची भाजी. म्हणाला, कालची नव्हती का? होती, पण परवाची आधी आली होती. त्यानं चिठ्ठीचं पॅड पुढे ओढलं. मग चिठ्ठीवर लिहिलं, ताजं खा. या माणसाला एक दिवस स्टोअरमध्ये बसवला पाहिजे.

बायको आणि लेक ठणठणीत. चौकशी केली. दोघी आठवडाभर दुपारी मेहुण्याकडे जेवतायत.

२४ मे, बुधवार
आज कहर झाला. गणवेशवाल्यानं नमुन्याचा एक शर्ट दुपारी चारपर्यंत मागितला होता. शर्ट अर्ध्यावर असताना मशीन अडकलं. मशीनच्या तेलाची बाटली कपाटात, किल्ली माझ्या खिशात, मी कारखान्यात. तिनं फोन केला. मी शांतपणे सांगितलं, इश्यूची वेळ सात ते आठ. बरं, म्हणाली आणि फोन ठेवला. त्या ‘बरं’वरूनच मला कळायला हवं होतं.

मेहुणा आला. त्यानं कपाटाच्या बिजागऱ्यांचे स्क्रू काढले आणि दार बाजूला उभं करून ठेवलं. सगळं मिळून दोन मिनिटं, असं लेकीनं मला मुद्दाम दोनदा सांगितलं. तेल घातलं, शर्ट वेळेवर पोचला.

कुलूप शाबूत आहे, हे नमूद करून ठेवतो.

२८ मे, रविवार. संध्याकाळ
हिशेबाचा दिवस. रजिस्टरप्रमाणे बचत चार हजार नऊशे चाळीस. उद्दिष्टापेक्षा एकशे चाळीस जास्त! मोठ्यानं वाचून दाखवलं. बायको म्हणाली, पाकीट दाखवा. पाकिटात साठ होते. आणि दूधवाल्याचं राहिलेलं बिल.

मी मांडणी केली. पंचवीस किलो पावडर ही संपत्तीच आहे. ती विकली तर... लेक म्हणाली, बाबा, रात्री बंद केलेल्या फ्रीजचं पाणी तिथवर वाहत येतं, पोतं खालून ओलं झालंय, पावडरचा दगड बनलाय. मेहुणा म्हणाला, भावजी, हातोडी आणू का? त्याला काही काम नसतं का?

मग बायको उठली, आतून खोकं आणलं. मोटर. नवीकोरी. मी म्हटलं, ही कुठून आली? म्हणाली, दुकानदाराकडून, माझ्या शिलाईतून कापून घेणार आहे तो. म्हटलं, त्याला होकार कधी दिलास? म्हणाली, दोन तारखेला. तुम्ही कुलूप आणायला गेला होतात ना, तेव्हा.

म्हणजे महिनाभर मी कशासाठी... तर म्हणाली, अहो, तुम्हाला एवढा उत्साह होता. आणि कार्डाचा कागद झालेलाच होता.

मेहुण्यानं वीस मिनिटांत मोटर बसवली. पोतं ओढून बाहेर टाकलं. बायकोनं बोटभर पाय टेकवला आणि मशीन भुर्रकन पळालं. ती गुडघ्यावर हात ठेवून बघत बसली. मोटरचा आवाज फार होतो.

१ जून, गुरुवार. सकाळी ६.५०
किरकोळ घरखर्चाचं खातं बायकोकडे सोपवलं. माझ्यासारख्यानं साखर-साबणात किती दिवस अडकायचं? मोठ्या धोरणांकडे लक्ष द्यायचं ठरवलंय. कार्डही दिलं. शब्द म्हणजे शब्द. शिवाय सही पेननं केली होती.

न्याहारीला ताजा ब्रेड. फारच मऊ लागला.

कामावर जाण्यासाठी तीस मागितले. तिनं मशीनवरून मान वर न करता स्लिपबुक पुढे सरकवलं. म्हणाली, दीडशेची बुकं आहेत, वाया कशाला घालवायची? भरली. रक्कम तीस, कारण ‘बस आणि चहा’, सही.

परत आली. ‘चहा’खाली लाल रेघ. शेरा लेकीच्या अक्षरात: तपशील अपुरा. कारखान्यात फुकट मिळतो ना?

दुसरी स्लिप भरतोय. घाई करायला हवी. इश्यूची वेळ सातपर्यंतच आहे.