शेवटचा तास टाचणीबरोबर

३ जुलै, सोमवार
शाळेत मंजूर जागा अकरा, हजर माणसं सात! उरलेली कामं आज मोठ्या बाईंनी सातजणांत वाटली. (मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. तो शब्द पुरा म्हणेपर्यंत त्या पुढच्या वर्गात पोचलेल्या असतात.) ग्रंथालय चित्रकलेच्या सरांकडे. प्रथमोपचाराची पेटी शिपाईमामांकडे. माझ्याकडे सातवीतली एक मुलगी, जिला कमी ऐकू येतं. अशा मुलांसाठी फिरत्या शिक्षिका दर मंगळवारी यायच्या. आता त्यांना चारच्या नऊ शाळा झाल्यात, म्हणजे त्या नुसत्याच फिरतात! रोज शेवटचा तास मी तिच्याबरोबर बसायचं. मी — गणिताचा मास्तर. या विषयात माझं ज्ञान शून्य, निदान आकडा तरी ओळखीचा.

४ जुलै
वर्गात तिला टाचणी म्हणतात. बारीक आहे आणि टोचते. कानामागे मशीन. मी फळ्याकडे तोंड करून अपूर्णांक समजावू लागलो. पाठीत खडूचा तुकडा बसला!
"तोंड इकडे." मग उपकार केल्यासारखं — "सर."

१२ जुलै
ती ओठ वाचते. म्हणे प, ब, म ओठांवर अगदी सारखे दिसतात.
"मग पाणी आणि बाणी कसं ओळखतेस?"
"मला बाणी द्या असं कोण म्हणतं?"
घरी आरशासमोर पाट-बाट-माट करून पाहिलं. बायको दारात कधीची उभी. "ओठांचा व्यायाम," म्हणालो. अठ्ठावीस वर्षं संसार केला, आता परत करता येत नाही — असा तिचा चेहरा.

२० जुलै
पकडला गेलो. टाचणीने तोंडापुढे वही धरली आणि काहीतरी बोलली. मी रुबाबात म्हणालो, "हो, अगदी बरोबर."
वही खाली. "मी विचारलं, सर तुम्ही गाढव आहात का?"
हसली नाही. "कधीपासून?"
दोन वर्षं कमी ऐकू येतंय. घरी सांगितलं नाही, शाळेत सांगितलं नाही, आणि बारा वर्षांच्या पोरीला अडीच मिनिटांत सांगून बसलो! वर विनवण्या — कुणाला बोलू नकोस. मी गेलो तर सातचे सहा होतील, गणिताला कुणीच नाही, हे कारण मी स्वतःला देतो. भारदस्त आहे. खरं कारण इतकंच की लाज वाटते. बहिरे मास्तर!

२ ऑगस्ट
आता तीच माझा तास घेते. ओठवाचनात दहापैकी चार. "घरी सराव करा," म्हणाली. माझंच वाक्य, माझ्याच तोंडावर.

१७ ऑगस्ट
लिहवत नाही. लिहितो.
सहावीचा तास. उत्तर विचारलं. शेवटच्या बाकावरची मुलगी उठून काहीतरी म्हणाली. "शाबास! बस." ती पुन्हा उठली. "एकदा दिली ना शाबासकी? किती हवी?" एरवी माझ्या फालतू विनोदालाही वर्ग हसतो. आज कुणी हसलं नाही, तेव्हाच कळायला हवं होतं.
ती सांगत होती — सर, चक्कर येतेय.
पडताना बाकाचा कोपरा कपाळाला लागला. चार टाके. तिची आई धावत दवाखान्यात आली. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "सर, तुम्ही होतात म्हणून बरं!"
तेवढं मात्र नेमकं ऐकू आलं.

१८ ऑगस्ट
शाळेआधी त्या मुलीच्या घरी गेलो. तिच्या आईला सगळं सांगितलं. ती बराच वेळ पोळपाट पुसत राहिली. पुसायला त्यावर काही नव्हतं. मग तोंड माझ्याकडे करून सावकाश म्हणाली, "तिला पुढच्या बाकावर बसवा. आणि कान दाखवून या. आधी कान."
ओरडली असती तर सोपं गेलं असतं. बायकोलाही सांगितलं. ती ओरडली. बरं वाटलं.

१९ ऑगस्ट
राजीनामा खिशात घालून मोठ्या बाईंपुढे उभा राहिलो. तो काढून पुढे ठेवला, त्यांनी वाचलाच नाही. उठून खिडकीपाशी आल्या, उजेड तोंडावर पडेल अशा, आणि एकेक शब्द सुटा करून बोलल्या.
"मला वर्षापूर्वीच कळलंय, सर. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तुम्ही रजेवर गेला असता आणि मला तुमच्या जागी कुणी मिळालं नसतं. त्या टाक्यांतले दोन माझे."
खणातून एक पातळ वही काढून माझ्या हातात दिली. टाचणीचं अक्षर. जुलैपासून रोजची एक ओळ — माझ्यावर! मी तिला सांभाळतोय अशा समजात होतो, आणि बाईंनी मलाच तिच्या हवाली केलं होतं.
कालची ओळ: "सरांना मशीन लागेल. हळू सांगा, ते घाबरतात. सोडू नका त्यांना."