पहिल्या मुद्द्याचं उत्तर

१४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तब्येत उत्तम आहे, एक दाढ सोडून. दिवसभर लोकांच्या कवळ्या बनवणारा माणूस स्वतः दातांच्या डॉक्टरकडे जायला घाबरतो, यावर तू काय म्हणशील ते मी ऐकलं असं समज. भावोजींचा गुडघा कसा आहे?

फोनवर तू दोनदा "कोर्टाचं काय झालं?" विचारलंस आणि दोन्ही वेळा माझ्या कुकरची शिट्टी झाली. तर आता लिहितोच.

लग्नानंतर आम्ही दोघांच्या नावावर क्रेडिट कार्ड घेतलं होतं. त्यावर सोफा आला, वॉशिंग मशीन आलं आणि माझी व्यायामाची सायकल आली, जिच्यावर आजवर फक्त टॉवेल वाळले. हप्ते थकले. बँक गप्प बसली, मी तिच्याहून गप्प बसलो. आता इतक्या वर्षांनी कुठल्याशा वसुली कंपनीने ते कर्ज बँकेकडून विकत घेतलं आणि दोघांवर दावा ठोकला. रक्कम व्याज खाऊन तिप्पट झालेली.

समन्स जुन्या पत्त्यावर गेलं. तिथून एका व्यक्तीने ते आणून माझ्या कामाच्या टेबलावर असं आपटलं, की एका आजोबांची खालची कवळी उडून जमिनीवर पडली.

ती व्यक्ती म्हणजे, हो ताई, तीच. वेगळे झाल्यावर चार वर्षांनी.

"ठेव, वाचतो सवडीने," मी म्हणालो.

"तुझ्या सवडीनेच संसार बुडाला. मुदतीत उत्तर दिलं नाही तर एकतर्फी निकाल लागेल आणि माझ्या पगारातून कापतील. मी बस चालवते, विमान नाही."

मग कोर्टातल्या मोफत सल्ला केंद्रात गेलो. तिथल्या वकीलबाईंनी दमच भरला, "कंपनीला फोन करून काही कबूल करू नका आणि एक पैसाही भरू नका. कर्ज जुनं आहे, दाव्याची मुदत टळली असणार. एकेका मुद्द्यापुढे लिहा, मान्य, अमान्य किंवा माहिती नाही."

रविवारी माझ्या स्वयंपाकघरात लिहायला बसलो. पहिलाच मुद्दा होता, 'प्रतिवादी हे पती-पत्नी असून एकत्र राहतात.'

"अमान्य लिही," ती म्हणाली.

"पण घटस्फोट कुठे झालाय?" (अर्ज भरायचा दोघांनाही कंटाळा.)

"मग मान्य लिही."

"पण एकत्र कुठे राहतो?"

बाकीचे सगळे मुद्दे आम्ही चुटकीसरशी उडवले. पण या एका ओळीवर दोनदा चहा झाला, एकदा रडारड झाली. कोणाची ते विचारू नकोस. शेवटी लिहिलं, 'माहिती नाही.'

सुनावणीत न्यायाधीशांनी चष्मा काढला. "तुम्ही नवरा-बायको आहात की नाही, हे तुम्हालाच माहीत नाही?"

मी घाम पुसत होतो. ती म्हणाली, "साहेब, चौकशी चालू आहे."

अख्खं कोर्ट हसलं. कंपनीचा वकीलही हसला, पण त्याच्याकडे ना मूळ करार होता, ना हिशेबाचा एक कागद. शेवटचा हप्ता कधी भरला होता ते न्यायाधीशांनी पाहिलं आणि मुदतबाह्य म्हणून दावा फेटाळला.

ताई, बाहेर आल्यावर मी नाचायला हवं होतं. पण मी पायऱ्यांवरच रेंगाळलो. आता हिला भेटायला निमित्तच उरलं नव्हतं.

ती गाडीची किल्ली शोधत, पर्समध्ये तोंड खुपसून म्हणाली, "सोफा तुझ्याकडे मावेल का?"

आयुष्यात पहिल्यांदा मी लगेच उत्तर दिलं. "मावेल."

मावला. तू येतेस तेव्हा झोपतेस त्याच खोलीत, आणि पाठोपाठ तीही राहायला आली. 'ती घरात असेल तर मी पाय ठेवणार नाही,' असं तू म्हणाली होतीस, आणि माझ्या बाजूने इतकं भांडणारं दुसरं कोणी मला नाही. म्हणून तर कुकरच्या शिट्ट्या.

सुट्टीत तू ये. स्टेशनवर मी घ्यायला येईन. काम अडलं तर ती येईल, तिची बस घेऊन. ती तुझ्यासाठी पुढचं दार उघडेल आणि एक अक्षर बोलणार नाही, कारण तीही तुला घाबरते.

ताई, तेवढी चढ.

तुझाच, पण आता नुसता तुझाच नव्हे,
धाकटा