साफ केलेली कॅसेट

प्रिय फुफी,

परवा माझ्या सनाची हळद झाली. तुझ्या लाडक्या नातीची हळद, आणि मी तोंड फुगवून बसले होते. का, ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

तू गेलीस आणि वर्षाच्या आत नईम मोहल्ल्यातली आपली बिल्डिंग जळाली. माणसं वाचली, सामान गेलं. मग मदतवाले आले. गाद्या, फ्रिज, मुलांना टॅबसुद्धा. माझ्या मनात पाल चुकचुकली. एवढं कोण कशाला देतं? चादर देतानाही फोटो, आणि फोटोत आम्ही रडलेलं चालायचं, हसलेलं नाही. घरंही मिळाली, पण मला लांब हिद्द गावात, जुलेखाला भलतीकडेच. एका जिन्यावरच्या शेजारणी आम्ही, आता भेटायला गाडी करावी लागते.

मदतवाल्यांतल्या एका बाईंना तुझ्या लग्नगीतांची कॅसेट दिसली, बंबाच्या पाण्याने भिजलेली. म्हणाल्या, "आंटी, ये तो हेरिटेज है. हम ठीक करा देंगे."

मला द्यायची नव्हती. सना म्हणाली, "मम्मी, व्हाय आर यू सो सस्पिशिअस?" मग दिली.

त्यांनी ठीक करून फोनवर पाठवलेली तीच गाणी हळदीला स्पीकरवर लावली. काय आवाज लागला होता तुझा! 'नवरी रुसली कशासाठी?' असं तू विचारलंस, आणि पुढे काहीच नाही. पुन्हा विचारलंस, पुन्हा शांतता. बायकांनी द्यायची ती उत्तरं, नवऱ्याकडच्यांची खोड काढणारी, दर लग्नात नवी, ती कुठे गेली? बांगड्या, हसणं, कुणाचं तरी रडणारं पोर?

जमलेल्या बायकांनी तरी उत्तर द्यावं ना? सगळ्या पाहुण्यांसारख्या गप्प. आणि गाणं संपल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या. तुझ्या गाण्याला टाळ्या, फुफी!

जुलेखा ओशाळून म्हणाली, "इतका साफ आवाज होता गो, मधी तोंड कसा घालणार?"

मी त्या बाईंना फोन केला. "बॅकग्राउंड में बहुत नॉइज़ था आंटी, निकाल दिया. अब सिर्फ मेन सिंगर है." मूळ कॅसेट? "वो तो खराब थी, फेंक दी." किती गोड बोलल्या! चोरी झाली असती तर भांडता तरी आलं असतं.

वर विचारतात, देणगीदारांच्या कार्यक्रमात लावू का? म्हणजे साफ केली ती आमच्यासाठी की त्यांच्यासाठी? मी नाही म्हटलं. तरी लावतीलच, मला भरवसा नाही.

तूही काही कमी नाहीस हं. गाण्यात विचारायचा मान जन्मभर स्वतःकडे ठेवलास. आम्हाला फक्त उत्तरं द्यायला शिकवलंस, आणि आता विचारणारं कुणी नाही.

म्हणून शुक्रवारी सगळ्यांना हिद्दला बोलावलंय. स्पीकर नाही, फोन बाहेरच्या खोलीत. विचारणार मी. माझा आवाज कसा आहे ते तुला माहीत आहे. उत्तर येईल याची खात्री मला नाही. पण एक तरी बाई तोंड उघडेपर्यंत मी विचारत राहीन, हा माझा शब्द.

तूच बेसूर ठरवलेली तुझी भाची,
नसीम