आई प्रयोगशाळेत आली तेव्हा

आई, आज हाताखालच्या मुलीला लेझरसमोर भिंग बसवायला शिकवत होते आणि तू मुंबईला माझ्या प्रयोगशाळेत आलीस, तो दिवस आठवला. मी तेव्हा नोकरीत नवीन. वडील गेल्यापासून घरात काकांचा शब्द शेवटचा, आणि त्यांनी माझ्यासाठी चौक गावचं गॅरेजवालं स्थळ जवळजवळ पक्कं केलं होतं. इकडे मला दोन वर्षांसाठी जर्मनीचं बोलावणं आलेलं. तू एवढंच म्हणालीस, "आधी मला बगू दे, तू काय करतेस ते." आणि पळसदरीहून एकटी निघून आलीस.

दाराबाहेर चपला काढून तू आत येतेस. अंधारी खोली. टेबलावर मोहरीपेक्षा लहान लेझर, पुढे भिंग, त्यापुढे बारीक रेघांची काच. ती काच स्क्रूने जराशी फिरवली की प्रकाशाचा रंग बदलतो, मी सांगते. मध्येच उडी न मारता तो सलग बदलत जावा, अशी मांडणी मला शोधायचीय. तू बघायला वाकतेस. मी ओरडते, "आई, समोर नको, डोळे जातील!" तू म्हणतेस, "दिसत तर काय नाय गं, आन डोळे कसे जातील?" हा रंग माणसाच्या डोळ्यांना दिसतच नाही, असं सांगून मी एक खास कार्ड मध्ये धरते. त्यावर नारिंगी ठिपका उमटतो. तू बराच वेळ बघत राहतेस. मग हळूच विचारतेस, "याच्यापायी तू वेळेवर जेवत नायस का?"

त्या रविवारी मी घरी आले होते, तेव्हा काका आले. तू चुलीपुढे तांदळाची भाकरी थापत होतीस. थापता थापताच म्हणालीस, "ती जर्मनीला जाईल. मी तिचं काम बगून आलेय."

"काय बगितलंस?" काकांनी विचारलं.

"ते मला नाय सांगता येत. तिला येतं, म्हणून तर तिला बोलावलंय."

काका न जेवता उठले. पुढे कितीतरी दिवस आपल्या दारात आले नाहीत, आणि भावकीतले टोमणे तू एकटीने ऐकलेस. मी तिकडे होते. ती मांडणी मला तिथेच जमली.

हे पत्र पोस्टात टाकायचं नाहीच, म्हणून सांगते. तुला 'मजेत आहे' असं लिहायचे, तो पहिला हिवाळा मी रडून काढला. तू एकदा जरी 'परत ये' म्हणाली असतीस, तरी मी आले असते.