आसनांची खोली रुपीबाईला

मी, कोकिळाबाई बेवा नानाजी पिदुरकर, वय साठीच्या पुढे, धंदा शेती व बायकांचा आसनवर्ग, राहणार मुकुटबन, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दाबाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहिते. डोके ठिकाणावर आहे आणि पाठही. ज्याला शंका असेल त्याने सकाळी वर्गाला येऊन बघावे. यजमानांचे नाव आयुष्यात तोंडाने घेतले नाही. इथे कायद्यासाठी लिहावे लागले, लिहिताना बरेच वाटले.

कलम १. माझ्या वाट्याचे शेत, विहिरीतला हिस्सा व घराचा मागचा भाग माझ्या पश्चात दीर भगवानराव यांनी घ्यावा. ते माझ्याशी गोड कधी बोलले नाहीत. पण मी तापाने पडले होते तेव्हा रोज दूध पाठवले, हे मी विसरलेली नाही.

कलम २. रस्त्याकडची बैठकीची खोली, पुढचे अंगण व सतरंज्या मी रुपीबाई जौजे भावसिंग, राहणार तांडा, फुलसावंगी, हिला देते. ती माझ्या नात्याची नाही. भगवानराव हरकत घेतील म्हणून लिहून ठेवते की, खोली मला वाटणीत मिळाली आहे, आणि छप्पनच्या वारसा कायद्याने ती पूर्ण माझी आहे असे वणीच्या वकिलांनी सांगितले आहे. त्या खोलीत कापूस भरायचा बेत दिरांनी मनातून काढावा.

कारण असे. यजमान अमरावतीहून आसने शिकून आले, ती त्यांनी मला शिकवली. ते गेल्यावर पाठदुखीच्या, पोटदुखीच्या बायका माझ्याकडे येऊ लागल्या. मामंजी बाहेर ओसरीवर बसत. सुनेने सासऱ्यापुढे आवाज काढायचा नाही, ही आमच्या घरची रीत. ते म्हणाले, “बायका येऊ दे, पण तुहा आवाज मले ऐकू नाही आला पाह्यजे.” झाले! मी बायकांसमोर बसून आसन करून दाखवी. जमिनीवर हात थोपटला की श्वास सोडायचा. कोणाचा खांदा वर चढला तर जाऊन नुसते बोट ठेवायचे.

मामंजी वारले. बायका म्हणाल्या, “आता तं बोला बाई!” बोलले. पाय असा, मान तशी, दम असा. महिनाभर पोपटासारखी बोलत सुटले आणि वर्गाचा बाजार झाला. रुपी तेव्हा लग्नाची होती, इथल्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरून यायची. तीच म्हणाली, “याडी, तू बोलली का मी तुह्या तोंडाकडं पाहातो, मंग माहा पाय कुठं गेला मलेच समजत नाही.” त्यांच्यात आईला याडी म्हणतात. मला मूलबाळ नाही. मला त्या नावाने हाक मारणारी तेवढी एकच.

दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा गप्प झाले, या वेळी आपल्या मर्जीने. भगवानराव अंगणातून ओरडले, “वहिनी, मास्तरच बोलत नाही तं ह्या बायका शिकतेत काय?” भावजी, जे शिकल्या ते तुम्हाला दिसणारे नव्हते.

कलम ३. वर्ग असा चालवावा. आधी प्रत्येकीला विचारावे, कुठे दुखते, दिवस गेलेत का. आसनाचे नाव एकदा सांगावे. मग तोंड बंद. चुकले की लगेच टोकू नये, तिचे तिला कळायला वेळ द्यावा. मात्र जिला चक्कर येईल तिच्याशी जरूर बोलावे. मौन म्हणजे निष्ठुरपणा नव्हे. हे सारे रुपीला ठाऊक आहे, तरी कोर्टाला कळावे म्हणून लिहिले.

कलम ४. लग्नानंतर निघताना त्यांच्या मुली एकेकाच्या गळ्यात पडून गाण्यात रडतात. त्याला ते ढावलो म्हणतात. रुपी तांड्यावरून माझ्या दारी आली आणि माझ्या गळ्यात पडून तशी रडली. अर्धे शब्द मला कळले नाहीत. याडी कळले. त्यानंतर ती आलेली नाही. फुलसावंगी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. निरोप येतो, “पेरणी झाली का येतो,” मग “वेचणी झाली का येतो.” तिचा संसार आहे, माझी तक्रार नाही. खोटे कशाला लिहू, तक्रार आहे. सकाळी बायका डोळे मिटून बसल्या की मी दाराकडे बघते. फार आठवण येते.

कलम ५. माझ्यामागे वर्षभरात रुपी आली नाही, तर खोली शेजारच्या विमलताईंनी बायकांसाठी चालवावी. जमेल तितके कमी बोलावे. त्यांना ते कठीण जाईल.

कलम ६. रुपी माझ्या हयातीत आली, तर हा कागद मी फाडीन आणि नवा तिच्या समोर बसून करीन. त्या दिवशी वर्गाला सुट्टी. तिच्याशी मला दिवसभर बोलायचे आहे.

येणेप्रमाणे माझी इच्छा, पुढे-मागे कोणी बदलू नये.

मुकुटबन, ता. ९ फेब्रुवारी १९६४
सही: कोकिळाबाई नानाजी पिदुरकर

साक्षीदार, ज्यांच्या देखत सही केली:
१. विमलताई, शेजारीण (सही. कलम पाच वाचून रुसल्या आहेत.)
२. खेमसिंग, रुपीचा बाप (निशाणी अंगठा)

खेमसिंगला आतला मजकूर वाचून दाखवलेला नाही. तो उद्याच्या मोटारीने लेकीकडे जाणार आहे. या कागदाचे तिथे काही काढू नको, असे त्याला बजावले आहे. याडीनं बोलावलं, एवढेच सांगायचे.