सीट माझी, गाडी कानिफची

मी, सहादेव बाबूराव बनकर, वय वर्षे ६७, धंदा मोटारसायकलच्या सीटा शिवणे, राहणार कोल्हार बुद्रुक, जिल्हा अहिल्यानगर, घरच्या ओट्यावर बसून, रोज सकाळी चहानंतर थोडे थोडे करून, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला त्रास साखरेचा आहे, डोक्याचा नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी दडपण आणलेले नाही. आणले असते तर मी लिहिलेच नसते, हे गावाला ठाऊक आहे.

१. राहते घर आणि बँकेतील ठेव पत्नी सौ. छबूबाई हिची. पुढच्या खोलीत भाडेकरू ठेवण्याचा शहाणपणा तिला कोणी शिकवू नये. तिच्यामागे सर्व मुलगी जया हिचे.

२. नगर-मनमाड रस्त्यावरचे दुकान, दोन्ही शिलाई मशिनी, कात्र्या आणि फोम कापायची सुरी जयाला. तिचा टाका माझ्यापेक्षा सरळ येतो. हे तिला तोंडावर कधी म्हटले नाही, येथे लेखी देतो. पाटीवर तिने खुशाल स्वतःचे नाव घालावे.

३. माझ्या दहाव्याला प्रवचन ठेवायचे तर अर्ध्या तासाचे ठेवावे. लोक उन्हात ताटकळतात आणि शिव्या मेलेल्याला देतात.

४. माझ्या वाटणीचे तीस गुंठे जयाला. बांधावरची बाभूळ माझी, असे मी इतकी वर्षे म्हणत आलो. ती मुळात धाकटा भाऊ कानिफनाथ याचीच आहे. मला माहीत होते.

५. दुकानात मशीनच्या वर खिळ्याला टांगलेली काळी, दोघांची सीट विक्रीची नाही. ती माझ्यामागे कानिफला द्यावी. का, ते लिहितो, नाहीतर लोक मागे काहीही जोडतील.

१९९२ साली आम्ही दोघा भावांनी एका गवळ्याची जुनी मोटारसायकल घेतली. त्याने दुधाचे कॅन ठेवायला मागची सीट काढून लोखंडी कॅरिअर ठोकले होते. बसायला जागा एकट्यापुरती, आणि गाडी घेतल्यावर खिसा रिकामा. मी तेव्हा टेम्पोच्या गाद्या शिवायचो. तेलाच्या बॅरलचा पत्रा ठोकून तळ केला, मोडीत निघालेल्या बसच्या बाकाचा फोम आणला, वर दुकानात उरलेले रेक्झिनचे तुकडे जोडले. तुकडे तीन जातीच्या काळ्याचे आहेत, उन्हात पाहिले तर कळते.

कानिफ लहानपणी चिंचेवरून पडला, तेव्हापासून त्याचा डावा खुबा बसका आहे. साध्या सीटवर तो कोसभरात कण्हायला लागतो. म्हणून मागच्या जागेला डाव्या अंगाने फोमचा एक थर जादा दिला. त्याला बसवायचे, खडूने खूण करायची, उसवायचे, असे चार वेळा केले. पुढची जागा माझ्या मापाची. मग आम्ही अकोले तालुक्यात मामाच्या गावापर्यंत घाट चढून गेलो. उतरल्यावर तो म्हणाला, "दादा, काईच दुखलं न्हाई." एवढी मोठी शाबासकी पुढे कोणत्याच गिऱ्हाइकाने दिली नाही.

२०११ साली विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून आम्ही भांडलो आणि वाटण्या झाल्या. भांडी वाटली, गाई वाटल्या, शेवटी गाडी राहिली. पंच म्हणाले, गाडी कानिफला. माझे टाळके सटकले. "गाडी घे, सीट माज्या हातची हाय," असे म्हणून मी पाना आणला आणि पंचांदेखत चार नट सोडून सीट काढली. त्यात एक नट घरंगळून कुठे गेला, सापडला नाही. एकाही पंचाने मला अडवले नाही. चहा पीत बघत राहिले आणि वर कागदावर लिहिले, गाडी धाकट्यास, सीट थोरल्यास. एवढा गाढवपणा स्टँपपेपरवर तालुक्यात दुसरा नसेल.

कानिफ म्हणाला, "ने. माजं काय अडत न्हाई." तेव्हापासून चौदा वर्षे तो गाडीवर गोणपाटाची घडी टाकून, वाकडा बसून, रोज माझ्या दुकानावरून जातो. दुसरी सीट करून घेत नाही. हा माझी नाचक्की करायला असा हिंडतो, अशी माझी समजूत. मी हाक मारली नाही. सीटवरची धूळ मात्र झटकत आलो.

६. वरील मजकूर गुरुवारी छबूबाईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "तुमी मेल्याव सीट त्यान्ला देनार. मंग पुढं कोन बसनार? तुमचा फोटू?"

मी म्हणालो, हा कायद्याचा कागद आहे, यात थट्टा नको. ती म्हणाली, "कायद्याला सांगा, मानूस जित्ता असंस्तवर गाडीव बसतो."

शुक्रवारी दुकानात गेल्यावर मी आधी सीट खिळ्यावरून उतरवली आणि जयाकडे दिली.

७. सबब कलम ५ रद्द. जयाने सीटची उसवलेली कड शिवून दिली. काल रविवारी मी सीट आणि पाना घेऊन कानिफच्या वस्तीवर गेलो. तो गाईला चारा टाकत होता. मी गोणपाट काढले आणि सीट ठेवली. तीन नट बसवले. चौथा शोधतोय असे पाहून तो आत गेला आणि डब्यातून नट घेऊन आला. तोच.

मी विचारले, "इतकी वर्सं दुसरी का न्हाई करून घेतली?"

"माजी हाय की तुज्याकडं," तो म्हणाला. "दोन दोन कशाला करायच्या?"

मला रडू आले. येथे लिहून ठेवतो, कारण तो गावभर सांगणारच आहे.

८. वकील म्हणतात, मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीला राहू नये. कानिफला यात आता काही मिळत नाही. बाभूळ त्याची होतीच. म्हणून साक्षीला त्यालाच घेतो.

ठिकाण: कोल्हार बुद्रुक. दिनांक १७ नोव्हेंबर २०२५.

लिहून ठेवणार: सहादेव बाबूराव बनकर (सही)

आमच्यासमोर सही केली:

१. सुमंत वासुदेव धर्माधिकारी, निवृत्त मुख्याध्यापक, वाटणीच्या वेळी चहा पीत बसलेले पंच (सही)

२. कानिफनाथ बाबूराव बनकर, धाकटा भाऊ, वस्तीवरून मोटारसायकलवर माझ्यामागे बसून आला, काहीच दुखले नाही म्हणतो (सही)